शेवटचं पान रद्दीवालीकडे

तमाम मुलुंडकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या गल्लीतली रद्दीवाली बाई ऐन मे महिन्यात गोष्टीच्या पुस्तकांची शेवटची पानं काढून स्वतःकडे ठेवते!

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. पदर खोचलेला, चष्मा कपाळावर. सुट्टीत मुलांना ती पुस्तकं फुकट वाचायला देते. शेवट मात्र आपण रचून तिला ऐकवायचा, मगच खरं पान मिळतं.

माझ्या पाचवीतल्या भाचीने जूनपर्यंत एक अक्षर वाचणार नाही, अशी शपथ घेतली होती. बहिणीने हात टेकले, तेव्हा मी भाचीला या बाईच्या दुकानात आणलं. हरवलेल्या हत्तीचं पुस्तक तिने दोन दिवसांत संपवलं आणि तराजूसमोर उभं राहून शेवट ऐकवला. हत्ती सोसायटीच्या टाकीत बसला होता, म्हणून तर आठवडाभर पाणी नव्हतं!

बाईने गिऱ्हाईक थांबवून विचारलं, "मग बाहेर कसा काढला गं?"

"काढलाच नाही. टँकर मागवला."

बाई डोळे पुसेपर्यंत हसली आणि तिने खरं पान भाचीच्या हातात ठेवलं. भाचीने ते उभ्या उभ्या वाचलं, नाक मुरडलं आणि भर दुकानात ओरडली, "शी! काकू, हे घाला रद्दीत. मला कोरा कागद द्या, माझा शेवट चिकटवू!"