ओडीलची पिवळी ओळ

ओडील लाव्हुआसारखं लिहिणारं माणूस आमच्या स्टुडिओत दुसरं नव्हतं, आणि त्यापायीच तिचं नुकसान झालं. हे मी तिच्या तोंडावर सांगितलेलं आहे. ती हसली आणि म्हणाली, "फ्रान्सीन, तुला प्रत्येक गोष्टीत कुणाचं तरी नुकसानच दिसतं."

दिसतं, कारण होतं.

मी आवाजाच्या खात्यात. पावलं, दारं, वारा, बोलणं, व्हिडिओ गेममध्ये जे जे ऐकू येतं ते आमचं. ओडील डिझायनर. खेळात काय घडणार आणि कसं घडणार हे तिनं आधी लिहायचं, मग त्यावरून प्रोग्रामरनी, चित्रकारांनी आणि आम्ही कामाला लागायचं. लोकांना वाटतं, गेम बनवणं म्हणजे दिवसभर खेळत बसणं. अहो, दिवसभर लिहिणं असतं ते! आमच्याकडे ज्याला लिहून सांगता येत नाही त्याची कल्पना कितीही भारी असो, बैठक उठली की ती मेली.

आमच्या शेवटच्या गेममध्ये नदी ओलांडायची एक नाव होती. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं, खेळाडू नावेत बसतो आणि पलीकडे जातो. ओडीलनं लिहिलं, नाव पलीकडच्या काठाला असेल तर काय. खेळाडूनं मधेच उडी मारली तर काय. तो घोडा घेऊन आला तर आधी घोडा चढणार की तो. वाचणाऱ्याच्या मनात शंका यायच्या आत उत्तर हजर. त्यामुळे तिच्या टेबलाशी कधी कुणी काही विचारायलाच यायचं नाही. बाकीच्यांच्या टेबलांभोवती कोंडाळी, आणि ही आपली खिडकीशी एकटी, कॉफी गार होईपर्यंत लिहीत बसलेली.

पण तिला हे लिहायचं नव्हतं. तिला माणसांच्या तोंडची वाक्यं लिहायची होती. गेममधलं कुणीतरी तोंड उघडेल, तिचं वाक्य बोलेल आणि कुठल्यातरी घरात कुणीतरी ते ऐकेल, एवढीच तिची आस. एक वाक्य, बस. पण ते काम वरच्या मजल्यावरच्या कथाविभागाचं. ती दरवर्षी तिकडे बदली मागायची आणि आमचा साहेब मॅक्सीम, वयानं तिच्याहून चांगला लहान, दरवर्षी तेच म्हणायचा.

"तू वर गेलीस तर इथं कोण लिहिणार, ओडील? तुझ्यासारखं कुणाला जमतं का?"

"म्हणजे वाईट लिहीत असते तर पाठवलं असतंस?"

"काय हे! कौतुक करतोय तुझं."

असल्या कौतुकाला काय जाळायचंय! एकदा कँटीनमध्ये पुतीन, म्हणजे आमच्याकडचे चीज आणि रस्सा घातलेले बटाट्याचे तळलेले काप, खाता खाता मी तिला म्हटलं, "दोन महिने गचाळ लिही. आपोआप वर फेकतील." तिनं खरंच करून पाहिलं. एका पुलाबद्दल अगदी मोघम काहीतरी लिहून घरी गेली. दुसऱ्या दिवशी सफाईवाले यायच्या आधी येऊन तिनं ते नीट केलं. "कुणीतरी त्या पुलावरून पडलं असतं गं," म्हणाली.

तिच्या वाट्याला वाक्यं यायची ती फक्त तात्पुरती. कथाविभागाची पक्की वाक्यं यायला उशीर लागतो आणि तोवर काम थांबवून चालत नाही. म्हणून डिझायनरनं कामचलाऊ वाक्यं लिहायची, ऑफिसातल्याच कुणीतरी ती बोलायची आणि खरे नट आले की ती फेकून द्यायची. तक्त्यात ह्या तात्पुरत्या ओळी पिवळ्या, पक्क्या झाल्या की हिरव्या. बाकीचे डिझायनर पिवळ्यात काहीही खरडतात. एकानं राजाच्या तोंडी कँटीनचा मेनू घातला होता. ओडील पिवळ्या ओळीतही जीव ओतायची. मला राग यायचा. वाळूत पाणी ओतणाऱ्या माणसाला बघून येतो तसा.

त्या नावेवरच्या नावाडणीची पिवळी ओळ आम्ही फेब्रुवारीत रेकॉर्ड केली, कोटांच्या खोलीत. हिवाळ्यात सगळ्यांचे जाडजूड कोट तिथं लटकलेले असतात, आवाज घुमत नाही. ओडील त्या कोटांत शिरली आणि बोलली, "जा. मागं वळून बघू नकोस. ते माझं काम आहे."

मी कानांवरचे हेडफोन काढले. "हे कुठून आणलंस?"

"गास्पेझीहून, आमच्या गावाकडून, इकडे शहरात यायला निघाले तेव्हा आई बसपर्यंत आली होती."

"ती असं म्हणाली?"

"छे. आई काहीच बोलली नाही. बस वळेपर्यंत नुसती उभी होती. बोलली असती तर काय बोलली असती, ते इतकी वर्षं शोधतेय मी." आई आता नव्हती, हे मला माहीत होतं. मी हेडफोन परत कानांवर चढवले.

वसंतात कथाविभागाची ओळ आली. "उतरा. भाडं पोचलं." ती बोलायला क्वेबेक शहरातून मादाम ग्रावेल आल्या. एकेकाळी रेडिओवर गाजलेल्या, हल्ली कुणी बोलवत नव्हतं. एवढ्या एका वाक्यासाठी त्या केस सेट करून आल्या होत्या, आणि आम्हा सगळ्यांसाठी साखर-सायीच्या वड्या. जाताना म्हणाल्या, "नातीच्या घरी टीव्हीवर ऐकणार आहे मी. तिला अजून खरं वाटत नाहीये." ओळ हिरवी झाली. ओडीलनं वडी खाल्ली आणि चांगली झालीय म्हणाली.

गेम ऑक्टोबरात बाजारात आला. त्यानंतरच्या सोमवारी ओडील अंगातला कोटही न काढता माझ्या टेबलाशी आली.

"फ्रान्सीन, मी आहे त्यात."

"कशात?"

"नावेत."

मी लावून पाहिलं. नदी, धुकं, नाव काठाला लागली आणि नावाडणीनं तोंड उघडलं तर ओडीलचा आवाज! मागं कोटांची बारीक सळसळसुद्धा. गेम जुनीच फाईल उचलत होता. तपासणाऱ्यांनी नावाडीण बोलतेय एवढंच बघितलं असणार. मी आनंदानं टेबलावर हात आपटला. "सुंठीवाचून खोकला गेला! कुणाला बोलू नकोस हं."

तो दिवसभर ती विनाकारण हसत होती. इतक्या वर्षांत मी तिला असं पाहिलं नव्हतं. मंगळवारी जेवताना म्हणाली, "मादाम ग्रावेल नातीच्या घरी बसून नदी ओलांडत असतील."

"ओलांडू देत. कधीतरी ऊन पडेल तेव्हा येईल त्यांचं वाक्य."

"उन्हात नावाडीण बोलतच नाही. फक्त धुक्यात बोलते. मी लिहिलेलं वाचत नाहीस ना तू?" मग काटा खाली ठेवून म्हणाली, "त्यांचं वाक्य कुठंच नाहीये, फ्रान्सीन. एका वाक्यासाठी वाट बघणं काय असतं, ते मला कळतं."

जेवण टाकून ती गेममधल्या ह्या चुकीबद्दल नोंद लिहायला बसली. मी मागं उभी. "निदान मोघम लिही गं. एवढं एकदा. वर्षभर नोंद इकडून तिकडे फिरत राहील."

तिनं मोघम लिहिलं नाही. कुठं जायचं, कशात बसायचं, धुकं कधी पडतं, सगळं लिहिलं. काय व्हायला हवं: मादाम ग्रावेल यांचं वाक्य. काय होतं: तात्पुरतं वाक्य. तो शब्द लिहिताना तिचा हात थांबला, पण खोडला नाही तिनं. संध्याकाळच्या आत प्रोग्रामरनं दुरुस्ती केली. एवढं स्वच्छ लिहिलेलं, की तो काही विचारायलाही आला नाही. आठवडाभरात अपडेट इंटरनेटवरून घरोघरी पोचलं आणि ओडीलचा आवाज पुसला गेला.

मी भांडकुदळ आहेच. ती दुरुस्ती मी माझ्या घरात येऊ दिली नाही. माझ्याकडे गेमची डिस्क होती, पहिल्या दिवसाची. माझं जुनं मशीन मी इंटरनेटला जोडलंच नाही. डिसेंबरातल्या एका रविवारी ओडीलला जेवायला बोलावलं. वाटाण्याचं सूप झाल्यावर तिच्या हातात कंट्रोलर दिला.

"हे काय?"

"बघ तर."

ती नदीकाठी गेली. धुकं पडायची वाट बघत राहिली. नाव आली, पलीकडे लागली आणि ओडीलचा आवाज माझ्या बैठकीत बोलला, "जा. मागं वळून बघू नकोस. ते माझं काम आहे."

तिनं डोळे पुसले. मग घोड्यावर बसून निघाली, आणि चढावर पोचल्यावर वळून पाहिलं. खाली धुक्यात नावाडीण काठावर उभी होती. हिच्याकडे बघत.

"अय्या, ही अजून उभीच? हे कुणी घातलं?" मी विचारलं.

"मी लिहिलेल्या कागदात आहे. खेळाडू दिसेनासा होईपर्यंत नावाडीण काठावर उभी राहते."

"म्हणजे हे सगळ्यांकडे आहे? दुरुस्तीनंतरही?"

"हो."

"अगं वेडे, मग तुझं आहे की सगळ्यांच्या घरी!" मी जवळजवळ ओरडलेच.

ओडील पडद्याकडे बघत राहिली. "उभी तर आई तेव्हाही होती गं," ती म्हणाली. मग तिनं घोडा वळवला आणि परत नावेत बसायला खाली निघाली.