यादीत परत आलेला नंबर

जुनी गाडी घेणारा माणूस मुळातच थोडा चक्रम असतो, आणि मी काही त्याला अपवाद नाही. तीस वर्षांची दुधी रंगाची जर्मन गाडी मी दुबईपासून दीड तासावरच्या अल ऐनच्या एका निवृत्त डॉक्टरांकडून घेतली, तेव्हा बायकोनं तीन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी तोंड उघडलं ते एवढंच विचारायला, "अहो, एसी तरी चालतो का तिचा?" चालत नव्हता. मुलीनं मागच्या सीटवर बसून नाक मुरडलं, "बाबा, धिस इज सो एम्बॅरसिंग."

हा नाद मला लावला आमच्या जनरल मॅनेजरनी. ते दिल्लीचे, दुबईत वीस वर्षं मुरलेले. त्यांच्याकडे हिरवी, उघड्या टपाची जुनी गाडी होती आणि तिला जुन्या गाड्यांना मिळते ती 'क्लासिक' लिहिलेली खास पाटी. नंबर एकशे चव्वेचाळीस. दुबईच्या देरा भागातल्या आमच्या ऑफिसात चहावाल्यापासून अकाउंटंटपर्यंत सगळ्यांना तो पाठ होता. खाली एकशे चव्वेचाळीस उभी असली की साहेब आलेत, नसली की निवांत चहाला जायचं. आमची कंपनी इमारती बांधायची आणि मी तिथं टेंडरची एस्टिमेट्स करायचो. राहायला शारजाला. म्हणजे अर्धं आयुष्य ट्रॅफिकमध्येच.

तो २००८ चा शेवट, मंदीचा. आधी क्रेन थांबल्या. माझ्या खिडकीतून सात दिसायच्या, त्यांतली एकही हलेना. मग फोन लागेनासे झाले. काल ज्याच्याशी सिमेंटच्या दरावरून भांडलो, त्याचा नंबर आज बंद. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांवर धुळीचा थर चढत गेला आणि त्या कुणाच्या हे विचारायचं सगळ्यांनी टाळलं. ऑफिसात लोक एकमेकांवर डोळा ठेवून असायचे. कोण नवा सोफा घेतोय, कोण कार्गोवाल्याकडे चौकशी करतोय, कुणी मुलांचे शाळेतून दाखले मागवलेत. बातम्यांवर कुणाचाच विश्वास उरला नव्हता. भरवसा असलाच तर शेजाऱ्याच्या सामानावर.

माझ्या शेजारच्या टेबलावर नाशिकचा एक क्वांटिटी सर्व्हेअर बसायचा, बांधकामाच्या मालाची मोजदाद करणारा. चाळिशीला टेकलेला, सरळ, थोडा घाबरट. चार वर्षं तो कुटुंबाशिवाय, खोली शेअर करून राहत होता. त्याची बायको नाशिकला अनुदानित शाळेत शिक्षिका होती. कायम नोकरी. ती कशी मिळते हे मराठी माणसाला सांगायला नको. आता मुलगी सहा वर्षांची झाली होती आणि बायको म्हणत होती, एकदाचं ठरवा. तिनं राजीनामा द्यायचा आणि दुबईला यायचं, की नाही? राजीनामा एकदा दिला की ती जागा पुन्हा मिळणार नव्हती. तो दर दोन दिवसांनी मला विचारायचा, "सर, सांगू का तिला? तुम्हाला काय वाटतं?"

"थांब थोडा," मी म्हणायचो. "घाई काय आहे?"

"सर, एवढं तीन हजार दिरहॅम भाडं, म्हणजे झाले एकोणचाळीस-चाळीस हजार रुपये, ते तरी आता उतरलंय ना. इन्शाल्ला फॅमिली आली तर..." पुढचं वाक्य तो कधी पुरं करायचा नाही.

जानेवारीत एका गुरुवारी साहेबांनी सगळ्यांना कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं. "देखिए, मार्केट स्लो है, खलास नहीं हुआ," ते म्हणाले. "और मैं कहाँ जा रहा हूँ? मैं तो यहीं हूँ." लोकांचे खांदे सैल झाले. माझेही झाले, खोटं कशाला बोलू? त्याच भरात मी ठरवलं, गाडीला क्लासिक पाटी घ्यायचीच. गाडी तपासून पास झाली होती, फक्त नंबर निवडायचा राहिला होता.

घरात त्यावर खल झाला. मला गाडीचं साल हवं होतं. बायको म्हणाली, "काहीही घ्या, पण बेरीज आठ येऊ देऊ नका. आठ शनीचा." मुलगी म्हणाली, "नोबडी केअर्स, आई." नाशिककरानं मात्र हे काम मनावर घेतलं. जेवणाच्या सुट्टीत बसून त्यानं नऊ बेरजेच्या नंबरांची चिठ्ठी करून दिली, त्यातल्या तीनशे एक्कावन्नवर दोनदा रेघ. "हा मिळाला तर सोडू नका, सर."

पुढच्या मंगळवारी सकाळी मी वाहन नोंदणीच्या काउंटरवर गेलो. एरवी तिथं उभं राहायला जागा नसायची, त्या दिवशी खुर्च्या रिकाम्या. खिडकीमागच्या मल्याळी माणसानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. "सर, आजकल अच्छा अच्छा नंबर है. पहले कभी नहीं मिलता था. लोग वापस करके जा रहा है ना."

मी यादी वरून खाली वाचत आलो. तिसऱ्या ओळीत एकशे चव्वेचाळीस.

मला वाटलं, चूक असेल. मी बोट ठेवून विचारलं. तो म्हणाला, "ये दस दिन पहले आया, सर. बहुत बढ़िया नंबर. दे दूँ?"

साहेबांची हिरवी गाडी महिनाभर दिसली नव्हती. विचारलं की म्हणायचे, रंगायला टाकलीय. ती विकून, नंबर परत करून मग त्यांनी आम्हाला कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं होतं. वीस वर्षं राहिलेला माणूस आवराआवर करत होता आणि तीन मजले लोक त्याच्या शब्दावर बसून होते. मी तीनशे एक्कावन्न आहे का विचारलं. होता. सही केली आणि पाट्या कागदात गुंडाळून बाहेर पडलो.

सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. एकशे चव्वेचाळीस यादीत पाहिला म्हणालो. ते दचकतील, निदान रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी उठून दार लावलं आणि माझ्यासाठी चहा मागवला. मग शांतपणे म्हणाले, की दोहाला एक नवी कंपनी उभी राहतेय आणि तिथं त्यांना एस्टिमेशनचा माणूस लागेल. महिनाभर मी गप्प राहायचं, एवढंच. "आपने प्लेट ली ना? लगाइए. गाड़ी रोज़ यहाँ सामने खड़ी कीजिए. लोग देखते हैं. उनको अच्छा लगेगा."

मी चहा संपवला. घरी येऊन बायकोलाही सांगितलं नाही. मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर होती, दोहाची नोकरी म्हणजे तिचं पुढचं सगळं, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. खरं कारण साधं होतं. मी घाबरलो होतो.

दुसऱ्या दिवशी पाट्या बसवल्या आणि दुधी गाडी एकशे चव्वेचाळीसच्या जागेवर लावली. जाणारे-येणारे थांबून बघत होते. सुरक्षारक्षकानं सलाम ठोकला. वर येऊन बसतो तोच नाशिककर धापा टाकत आला.

"सर! तीनशे एक्कावन्न! मिळाला!"

"मिळाला," मी म्हणालो.

"म्हणजे तुम्ही राहताय."

त्या क्षणी सांगता आलं असतं. टेबलाच्या पलीकडे एक वाक्य टाकायचं होतं. साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं. मी म्हणालो, "बघू," आणि कॉम्प्युटर सुरू केला. तो खाली गेला. खिडकीतून मला तो दिसत होता. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून पाटीचा मोबाइलवर फोटो काढला आणि तिथंच उभा राहून कुणाला तरी पाठवला.

तीन दिवसांनी त्यानं ऑफिसात पेढे वाटले. बायकोनं राजीनामा दिला होता. "फोटो बघून ती म्हणाली, तुमचे सर एवढ्या हौसेनं पाटी लावतायत म्हणजे काळजी नाही." माझ्या हातावर त्यानं दोन पेढे ठेवले. मी खाल्ले. कसे खाल्ले, माझं मला ठाऊक.

फेब्रुवारी संपायच्या आत एका सकाळी साहेबांचा फोन बंद लागला. दोहाही त्याबरोबरच गेलं. आठवडाभरात ऑफिसला कुलूप. मला कसंबसं अल ऐनला एका लहान फर्ममध्ये कमी पगारावर काम मिळालं आणि आम्ही तिकडे राहायला गेलो. नाशिककराला काही मिळालं नाही. व्हिसाची मुदत संपत आली, तसं त्यानं परतीचं तिकीट काढलं. शाळेत त्याच्या बायकोच्या जागी नवीन शिक्षिका रुजू झाली होती, हे त्यानंच मला फोनवर सांगितलं. रडला नाही. मी विमानतळावर सोडतो म्हणालो. तोंड लपवण्याइतकी तरी लाज मला उरली नव्हती.

भर दुपार होती. एसी बंद असलेल्या गाडीत आम्ही दोघं घामाघूम. डिकीतून त्याची बॅग काढली, तेव्हा तो मागे वळला आणि पाटीवरची धूळ रुमालानं पुसायला लागला. तीनही आकडे नीट पुसले.

"नंबर चांगलाच होता, सर," तो म्हणाला. मग माझा हात हातात घेऊन म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला तरी कुठं माहीत होतं?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. उत्तराची वाट बघत होता की नाही, कोण जाणे.

"नाही ना," मी म्हणालो.