पानी कुठवर आला?

कोपरीच्या बालवाडीत तुळसा मदतनीस म्हणून लागली ती शहाऐंशी साली. खोली झाडायची, सतरंज्या अंथरायच्या, माठ भरायचा, मुलांना मोरीवर न्यायचं, एवढंच तिचं काम. शिकवायचं प्रमोदिनीबाईंनी. तुळसा चेंदणी कोळीवाड्यातली, चौथीपर्यंत शिकलेली. खाडीतली मासळी कमी होत गेली, तेव्हा टोपली बाजूला ठेवून तिनं ही नोकरी धरली होती.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सगुणा नावाची सहा वर्षांची मुलगी आली. गप्प बसली तर तासभर गप्प, आणि बिनसलं की हातात असेल ते फेकायची, चावायची. एका सोमवारी तिनं भिरकावलेली पाटी चंदूच्या कपाळाला लागली. चंदूची आई तणतणत आली. "हिला तरी काढा, नाहीतर आमच्या पोराचं नाव काढा!"

प्रमोदिनीबाईंनी सगुणाला कोपऱ्यात उभं केलं. तर ती भिंतीवर डोकं आपटायला लागली. बाई घाबरल्या. तुळसानं हातातलं फडकं टाकलं, जवळ जाऊन भिंत आणि डोकं यांच्यामध्ये आपला तळवा धरला आणि खाली बसली.

"काय झाला गो बाय? पानी कुठवर आला?"

असलं काही सगुणाला कुणी विचारलं नव्हतं. ती थांबली. तुळसानं आपल्या गुडघ्याला हात लावला, मग पोटाला. "इथवर? का इथवर?"

सगुणानं मूठ गळ्यापाशी नेली.

"बाप रे! म्हंजे मोठी भरती हाय. आमच्या खाडीत एक निवटी राहते. एवढीशी मासोळी, डोळे वर आलेले, बेडकावानी. भरती आली का ती पान्याशी भांडत नाय. बिळात बसते, गाल फुगवते न् हलूच सोडते. परत फुगवते, परत सोडते. तिला ठावं हाय, पानी आला तसा जानार."

सगुणानं गाल फुगवले. तुळसानंही फुगवले. तिसऱ्या खेपेला सगुणाचा श्वास तुटला आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. तुळसा 'रडू नको' म्हणाली नाही. नुसती बसून राहिली. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "आता कुठवर?" सगुणानं पोटावर हात ठेवला.

पुढं रोज प्रार्थना झाली की मुलं डोळे मिटून पोटावर हात ठेवायची आणि आपलं पाणी कुठवर आहे ते बघायची. प्रमोदिनीबाईंना हे सुरुवातीला खुळ्यासारखं वाटलं. पण चंदूच एकदा म्हणाला, "बाई, माझं कानापर्यंत आलंय, मी बाहेर बसतो," तेव्हा त्यांनी स्वतःच त्याला दार उघडून दिलं.

सगुणाची भरती मात्र सोमवारीच जास्त येते, हे तुळसाच्या ध्यानात आलं. तिनं खोदून विचारलं नाही. एका दुपारी सतरंजी गुंडाळताना सगुणाच म्हणाली, "बाबा रविवारी डबा घेऊन जातात. म्हणतात, आई मामाच्या गावाला आहे. गावाला कोण डबा नेतं? आई मेली ना?"

तुळसा त्याच संध्याकाळी तिच्या चाळीत गेली. सगुणाचे वडील देवराम नुकतेच कारखान्यातून आले होते. सगुणाची आई शीला टीबीच्या इस्पितळात होती, हे तेव्हा तुळसाला कळलं.

"ताई, एवढ्याशा पोरीला काय सांगणार?" देवराम म्हणाले. "घाबरेल ती."

"ती घाबरलेलीच हाय, भाऊ. आई मेली समजून बसलीय." तुळसा म्हणाली. "माझा बाप खाडीत बुडाला तवा मी हिच्याएवढी. मना सांगितला, वसईला गेलाय, खाऊ घेऊन येल. तीन वर्सं मी धक्क्यावर जाऊन उभी रायची. बाप गेला त्याचा दुख हाय. पन खोटा सांगितला, त्याचा राग अजून जात नाय."

देवरामांनी सगुणाला हाक मारली आणि आई कुठं आहे ते खरं सांगितलं.

पुढच्या रविवारी तुळसाही त्यांच्याबरोबर गेली. वॉर्डात मुलांना मनाई होती. सगुणा आवारातच उभी राहिली. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत शीला आली, तोंडावर पदर धरलेली, फार वाळलेली. सगुणाचा हात गळ्याशी गेला. तिनं गाल फुगवले, सोडले, पुन्हा फुगवले. आणि एकदम ओरडली, "आई! माझा दात पडला!"

शीला हसली, हसता हसता खोकली, आणि हात हलवत राहिली. परतताना सगुणा रस्ताभर बडबडत होती.

शीला होळीच्या आधी बरी होऊन घरी आली. म्हणून सगुणाचा राग काही संपला नाही. वर्ष संपायच्या आत ती एकदा चंदूला चावलीच. पण त्या दिवशी तिनं स्वतःच येऊन तुळसाला सांगितलं.

तुळसाच्या गोष्टी वाढत गेल्या. हेवा वाटणाऱ्यांसाठी नांगी तुटलेल्या खेकड्याची, अंधाराला भिणाऱ्यांसाठी चिंबोरीच्या, म्हणजे खेकडीच्या, पिल्लाची. प्रमोदिनीबाई वहीत लिहून घेऊ लागल्या, पण तुळसा दर वेळी वेगळंच सांगायची, आणि बाईंच्या वहीत नुसती खाडाखोड व्हायची.

चौऱ्याण्णव साली वर्तकनगरात बालवाडीच्या शिक्षिकांचं शिबिर भरलं. प्रमोदिनीबाईंनी स्वतः न बोलता तुळसाला पुढं केलं. माईक बघून ती घामाघूम झाली. एका तरुण शिक्षिकेनं विचारलं, "मावशी, मूल थयथयाट करायला लागलं की आधी काय करायचं?"

"आधी आपन खाली बसायचा," तुळसा म्हणाली. "उभ्यानं बोललात तर पोराला तुमचे पायच दिसतात."

शिक्षिका हसल्या. मग एकेक करत साऱ्या जणी खुर्च्या सरकवून तिच्यासमोर जमिनीवर येऊन बसल्या.