खांदेरीपर्यंतचा उपदेश

उलटा उपदेश ऐकून सुलटा झालेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. सुलटा झाला असं मी म्हणतो खरं, पण कुणी खोदून विचारलं तर माझी गडबड होते. मामांची थळच्या किनाऱ्यावर मासेमारीची होडी आहे, आवाज समुद्राच्या वरताण आहे, आणि लग्न झाल्यापासून मी त्यांच्यापुढे गोंधळलेलाच आहे. मी पापलेट आवडतं म्हटलं की ते घोळ आणून देतात आणि वर विचारतात, "तुमाना काय कलतं त्यातलं, जावय?" मला खरंच कळत नाही, त्यामुळे विषय तिथेच संपतो.

अशा माणसाच्या हाती पॉडकास्ट मीच दिलं. आयुष्य कसं बदलावं हे रोज सकाळी मधाळ आवाजात सांगणारा एक गृहस्थ आहे. अलिबागला ऑफिसात जाताना मी त्याला नेमाने ऐकतो आणि अजून होतो तसाच आहे. गंमत म्हणून मामांच्या मोबाईलवर तो लावून दिला, तर मामांनी त्याला गुरूच करून टाकलं. होडी खडकांतून बाहेर पडली, सगळ्यांचा चहा झाला, की टोपी काढून मांडीवर ठेवायची, खलाशांना गप्प करायचं आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या मोबाईलवर बोट दाबायचं. हा विधी कधी चुकला नाही. आणि मामा बदलू लागले, पण भलत्याच दिशेने. 'ऊठसूट लोकांचं मत घेऊ नका, आपला निर्णय आपण घ्या' असं त्या गृहस्थाने सांगितलं त्याच दिवसापासून मामा दिसेल त्याला मत विचारू लागले. होडीला रंग कुठला द्यावा हे त्यांनी एसटीच्या कंडक्टरला विचारलं. जेवायला काय करू, हा मामीचा रोजचा प्रश्न त्यांनी मामीलाच विचारला, "तुला काय खावासा वाटतंय?" मामी हातातली पळी तशीच धरून उभी राहिली. माणसाला बरं नाही असं समजून मी डॉक्टरांचं नाव काढलं, तेव्हा तीच मला दटावून म्हणाली, "जन्मात कवा इचारला न्हवता. इचारू दे!"

दुसऱ्या खेपेला गृहस्थ म्हणाला की खोटी वाहवा करत सुटण्याची सवय सोडा. मामांनी ती लावून घेतली. किनाऱ्यावर मामी पाटीतली सुरमई मोठ्याने विकत असताना शेजारच्या पाटीकडे बोट करून ते गिऱ्हाइकांना म्हणाले, "ह्यांची बघा, काय चकाकते!" गिऱ्हाइकं तिकडे वळली आणि मामीने भर किनाऱ्यावर त्यांचा जो उद्धार केला तो इथे लिहिण्यासारखा नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याच शेजारणीने ओशाळून आपली गिऱ्हाइकं मामीकडे धाडली, आणि उभा जन्म एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या त्या दोघी एका छत्रीखाली बसू लागल्या. मी डोक्याला हात लावला. इतका नीट सांगणारा माणूस आणि इतकं उलट ऐकणारा शिष्य, हे कोडं मला काही केल्या सुटेना.

ते सुटलं एका थंडीतल्या रविवारी, मी हौसेने त्यांच्याबरोबर होडीत गेलो तेव्हा. गृहस्थाची पद्धत अशी, की लोक काय चुकीचं करतात ते आधी अगदी पटेल असं सांगायचं आणि मग 'पण मित्रांनो' म्हणून सगळं पाडायचं. त्या दिवशी तो म्हणाला, "आपल्याला दुखावणाऱ्या माणसाच्या दारात स्वतःहून जावं, मागचं विसरावं, असं आपण लहानपणापासून ऐकतो." एवढ्यात खांदेरीचं बेट मागे पडलं, मोबाईलची रेंज गेली आणि आवाज थांबला. मामांनी हात जोडून टोपी घातली. "मोठा मानूस. कामापुरताच बोलतो." म्हणजे 'पण मित्रांनो' हे शब्द त्या होडीत कधी पोचलेच नव्हते!

मला हसू फुटणार होतं, पण मामा जाळं टाकायचं सोडून समुद्राकडे बघत बसले होते. ते का, हे मला ठाऊक होतं. त्यांचा थोरला भाऊ दोन गल्ल्या सोडून राहतो. नारळी पौर्णिमेला घराचा नारळ थोरल्याने सोडायचा ही त्यांच्याकडची रीत. एका वर्षी थोरल्यांना रेवसहून परतायला उशीर झाला आणि भरती उलटेल म्हणून मामांनी वाट न बघता नारळ सोडून दिला. तेव्हापासून एका घरातून दोन नारळ निघतात आणि भाऊ भावाशी बोलत नाही. थोरल्यांचे आता गुडघे गेलेत, दात गेलेत.

घरी आल्याबरोबर मी राहिलेला भाग ऐकला. गृहस्थ शांतपणे सांगत होता, अशा माणसांसाठी दार कायमचं बंद करा, ते आपली शक्ती खातात. आणि इकडे मामा धुतलेला सदरा घालून, बोंबलांची पिशवी घेऊन दारात उभे. "चला जावय, थोरल्याकरं." सांगावं तर बिचारा पाय मागे घेईल, न सांगावं आणि थोरल्यांनी हाकललं तर? काय करावं ते सुचेना, म्हणून मी पिशवी हातात घेऊन मागे निघालो.

थोरले ओट्यावर जाळं शिवत होते. मामांचा समुद्राच्या वरताण आवाज कुठे गेला कोण जाणे. "बोंबील हायत. मऊ," एवढंच ते पुटपुटले. थोरल्यांनी मान वर केली नाही. सुई चालत राहिली आणि मला वाटलं, झालं, आता चालते व्हा म्हणतील. मग ते जाळ्याकडे बघतच म्हणाले, "भरती थांबनार न्हवती. मना ठावं व्हता." आणि जाळं सरकवून त्यांनी बाजूला जागा केली. मामा बसले, जाळ्याचं दुसरं टोक त्यांनी मांडीवर घेतलं. मी मात्र ठिबकणारी पिशवी धरून तसाच उभा होतो.

परतताना मला राहवेना. "मामा, त्याचं बोलणं तिथं संपत नाही. पुढे तो..."

"ठावं हाय," मामा म्हणाले. "किनारा आला की मोबाईल सोताच इचारतो, राहिलेला भाग लावू का. एकदा लावला व्हता. पुढं पुढं तो मानूस एकटा होत जातो, जावय. मना न्हाय आयकवला."

म्हणजे इतके दिवस हे चुकून चाललं होतं की जाणून, हे मला विचारायचं होतं. पण मामा चालता चालता थांबले, सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले आणि कधी ऐकला नव्हता अशा बारीक आवाजात त्यांनीच मला विचारलं, "उद्या परत गेलू त्याच्याकरं, तर चालंल ना?"

मी हो म्हणालो.