दोन तासांचा बर्फ

सहा वर्षांत हे मी कोणाजवळ बोललेली नाही. नवऱ्याजवळ नाही, लेकीजवळ नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा मनात दुसरंच काहीतरी पुटपुटून उठते. तसं माझं तोंड गप्प बसणारं नाही — जळगावातल्या मेहरूणच्या आमच्या गल्लीत कोणालाही विचारा. पण या एका गोष्टीपाशी आलं की जीभ टाळ्याला चिकटते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुमच्यापाशी जमेल. बघू.

आमच्याकडे एसी आला तो सासूबाईंसाठी. त्यांना सगळे अक्का म्हणायचे, मीही. त्यांचं हृदय कमजोर झालं होतं, आणि आमच्या जळगावचा मे महिना म्हणजे दुपारी नळाचं पाणी अंगावर घेववत नाही. डॉक्टर म्हणाले, यांना उन्हाळा झेपायचा नाही, खोली थंड ठेवा. गल्लीतला तो पहिला एसी. आणला अक्कांसाठी, पण मिरवला मी. जुना कूलर त्याच आठवड्यात बोदवडला नणंदेकडे धाडून दिला. आता काय करायचाय तो डबा, असं म्हणाले होते — माझेच शब्द आहेत हे.

आता एसी मिरवायचा तरी कसा? तो काही गळ्यात घालून फिरता येत नाही. पण उन्हाळ्यात आमच्याकडे उडदाचे पापड असतात. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जमतात. पंखा लावावा तर पापड उडतात, न लावावा तर घामाच्या धारा. मी सांगून टाकलं, यंदा सगळ्यांचे पापड माझ्याकडे, अक्कांच्या खोलीत. बायका खूश. अक्का पलंगावरून कोणाचा पापड जाड झाला ते सांगायच्या. त्यांनाही ते आवडायचं, हे खोटं नाही. बाकी पुढे बरंच खोटं आहे.

आठ-दहा दिवसांत एसीची हवा मंदावली. मग खाली पाणी ठिबकायला लागलं, आणि झाकण उचलून पाहिलं तर आतल्या नळ्यांवर पांढरा बर्फ. मी दिलीपभाऊंना बोलावलं. ते यावलचे, एसी-फ्रिजचं काम करायचे, आमच्या गल्लीतली बरीच घरं त्यांच्याकडेच. माणूस शांत. त्यांनी एसी बंद केला, पुढची फिल्टरची जाळी काढून मोरीत धरली, तर तिच्यातून ताकासारखं पांढरं पाणी वाहिलं. वहिनी, हे पीठ कुठून आलं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कोण जाणे. पापडांचं पीठ उडून जाळी बुजली, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण एसीसमोर पापड लाटते हे सांगायची लाज वाटली. पहिलं खोटं ते. किती लहान होतं बघा.

ते हसले फक्त. म्हणाले, हवा आत जायला वाट राहिली नाही की आतल्या नळ्यांवरचं पाणी गोठतं, आणि बर्फ धरला की हवा आणखी अडते. पुन्हा दिसला तर एसी बंद करा. हवं तर थंड करणं बंद ठेवून नुसता त्याचा पंखा चालू द्या. दोन तासांत आपोआप वितळतो. जाळी धुवा, मग लावा. जाळी स्वच्छ असूनही बर्फ धरला तर गॅस कमी असेल, मला फोन करा. पण टोचू नका वहिनी, आतली नळी फार पातळ असते. दोन तास धीर धरा.

दोन तास. एवढंच सांगितलं होतं त्यांनी.

पापड काही थांबले नाहीत. दहा-बारा दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास, अक्कांच्या खोलीत गेले तर ठिबक ऐकू आली. टप. टप. वर पाहिलं — बर्फ, पहिल्यापेक्षा जाड. बायका एक वाजता येणार होत्या. तुम्ही हिशेब करा, मी सहा वर्षं करतेय. अकराला बंद केला असता तर एकला सुरू झाला असता. बायकांना कळलंही नसतं. पण मला खोली आत्ताच्या आत्ता गार हवी होती. अक्कांना उकडेल असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगू? त्या दिवशी गल्लीच्या टोकाच्या बंगल्यातल्या बाई पहिल्यांदाच येणार होत्या. त्यांच्यासाठी हवी होती.

मी स्वयंपाकघरातून उलथनं आणलं. होय, भाकरीचं लोखंडी उलथनं. स्टुलावर चढले, झाकण उघडलं आणि बर्फ खरवडायला लागले. दोन-तीन ढलप्या पडल्या, बरं वाटलं. मग एक घट्ट बसलेली होती, तिच्या खाली उलथन्याचं टोक घालून मी जोर दिला.

फुस्स.

तो आवाज मला अजून प्रेशर कुकरमधून ऐकू येतो, सायकलच्या पंपातून ऐकू येतो. बराच वेळ चालला तो. तेलकट वास आला. मी वळले, तर अक्का जाग्या होत्या. बघत होत्या. किती वेळ? मी स्टुलावरून उतरले, उलथनं घासलं आणि जागेवर ठेवून दिलं. बायकांना आज जमत नाही म्हणून कळवलं. एसी लावला तर नुसता वारा, तोही कोमट.

नवऱ्याला फोनवर मी सांगितलं, दिलीपभाऊंनी त्या दिवशी काहीतरी बिघडवून ठेवलंय. इतक्या सहज निघालं ते तोंडातून. संध्याकाळी यांनी दिलीपभाऊंना बोलावून घेतलं. त्यांनी झाकण काढून बॅटरी मारली, बराच वेळ पाहिलं आणि हळूच म्हणाले, हे कोणीतरी टोचलंय. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मी कशाला हात लावू? मग यांनी अक्कांना विचारलं. दिवसभर त्या खोलीत त्याच होत्या ना.

मला वाटलं, संपलं. माझी सासू उभ्या आयुष्यात खोटं बोललेली नव्हती. धुळ्याकडच्या खेड्यातली बाई, चुकलं तर तोंडावर सुनावणारी. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"त्यानीच करं. मी देखं," अक्का म्हणाल्या. "मन्ही सूनना हात बी नही लागना." स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं म्हणे, आणि माझा हातही लागला नाही.

दिलीपभाऊंनी अक्कांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अक्का म्हणतात तर तसंच असेल," एवढंच बोलून त्यांनी आपली हत्यारं गोळा केली. आतल्या नळ्यांचा नवा संच मी स्वतः आणून बसवतो, म्हणालेही. पण यांचा पारा चढलेला. दारात उभं राहून यांनी त्यांना जे नाही ते ऐकवलं, सगळी गल्ली बाहेर आली होती, आणि पुन्हा पाय ठेवू नको म्हणून हाकललं. मी आत उभी होते. दोन शब्द पुरले असते. पुढच्या दोन-तीन दिवसांत गल्लीतल्या एकेका घराने त्यांना बोलावणं बंद केलं. मग ते जळगावातच दिसेनासे झाले.

दुसरा माणूस मिळेना. मे महिन्यात कोण रिकामा असतो? जो तो आठ दिवस थांबा म्हणायचा. कूलर बोदवडला, आणि तो परत मागायला माझी मान वाकेना. आम्ही ओल्या चादरी टांगल्या, अक्कांचं अंग पुसत राहिलो. पंखा नुसती धग फेकत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांचे पाय पुसत असताना त्यांनी माझं मनगट धरलं.

"त्याले सांगी दे, माय. मन्हा जीव अडकी ऱ्हायना."

उद्या सांगते यांना, मी म्हटलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी नुसतं पाहिलं. मी पुन्हा म्हटलं, उद्या. चौथ्या दिवशीही. पाचव्या दिवशी चारच्या सुमारास अक्का गेल्या. लोक म्हणाले, उन्हाळ्यानं नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलेलं होतं. मी कोणाला दुरुस्त केलं नाही. मोठ्यानं रडले मात्र, सगळ्यांत मोठ्यानं.

इथे थांबता आलं असतं. पण गेल्या वर्षी भाचीच्या साखरपुड्याला मी यावलच्या बसमध्ये चढले. बस खचाखच भरलेली. एक माणूस उठला आणि म्हणाला, बसा वहिनी. दिलीपभाऊ. केस पांढरे झाले होते. आता केळी पिकवायच्या कोल्ड रूमचं काम बघतो, म्हणाले, बरं चाललंय. मला घाम फुटला होता. पदरानं पुसत होते तर पुसला जाईना.

"अक्का बऱ्या आहेत ना?" त्यांनी विचारलं.

त्यांना माहीत नव्हतं. त्याच आठवड्यात तर गेले होते ते गाव सोडून. गेल्या म्हटलं असतं तर कधी विचारलं असतं, कशानं विचारलं असतं, आणि त्या माणसाला दिवस मोजायला कितीसा वेळ लागला असता? म्हणून मी म्हटलं, बऱ्या आहेत.

त्यांचा चेहरा मोकळा झाला. म्हणाले, अक्कांनी सुनेला वाचवलं, ते मला तेव्हाच कळलं होतं. माझ्या आईनंही तेच केलं असतं. "त्यांना सांगा वहिनी, दिलीपच्या मनात काही नाही."

सांगते, मी म्हटलं.

मग यावल आलं. त्यांनी माझी पिशवी खाली उतरवून दिली.