आईच्या मटकीचं बी

आमच्या घरात मटकीचं बी विकत आणलेलं मला आठवत नाही. आई लग्न होऊन आली तेव्हा जतकडच्या माहेरून पदराच्या गाठीत बांधून ते घेऊन आली, असं ती सांगते. दाणा बारीक, काळसर. बाजारातली मटकी त्यापुढे टपोरी दिसते, पण आमच्या खानापूर तालुक्यातल्या माळावर एखादा पाऊस चुकला की ती मान टाकते. आईची तग धरते. तिच्या माहेरी आता कुणी मटकी करत नाही. तिकडं पाणी आलं, डाळिंबाच्या बागा झाल्या. म्हणजे ते बी जेवढं काही होतं, ते आमच्या घरातल्या एका मडक्यात होतं. हे आधीच सांगते, कारण ते मडकं माझ्या हातून बिघडलं.

तेव्हा आमची मेंढरं होती. दिवाळी झाली की माझे वडील, आबा, आणि चुलते ती घेऊन कृष्णाकाठाला उतरायचे आणि मोकळ्या रानांत बसवायचे. मेंढरं बसवणं म्हणजे वाघर, म्हणजे जाळी, लावून त्यांना एकाच रानात चार दिवस मुक्कामाला ठेवणं. लेंड्या आणि मूत त्याच मातीत जातं, आणि रानाचा मालक त्याबद्दल धान्य देतो. आई घरी राहायची, बी ठेवायची. पण मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना चुलते गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, कामाला तमिळनाडूत गेले आणि आबांबरोबर आईला निघावं लागलं. मटकी अजून अंगणात वाळत होती.

"तू हायस की आजून आठ दिस," आई म्हणाली. "बी तू ठिव. दरसाली बगतीस की."

बघत होते, हे खरं. पण पुस्तक मांडीवर ठेवून बघत होते. तरी पद्धत मला पाठ होती. दाणे उन्हात वाळवायचे, रात्रभर गार होऊ द्यायचे, सकाळी चुलीतल्या चाळलेल्या राखेत घोळवायचे. मडक्याच्या तळाला, मध्ये आणि वर कडुलिंबाचा पाला पसरायचा, म्हणजे किडा लागत नाही. मग झाकण ठेवून तोंड शेणमातीनं लिंपायचं. मी सगळं तसंच केलं, एक गोष्ट सोडून.

आईचा पाला नेहमी करडा आणि चुरचुरीत असायचा. मला वाटायचं, तिला वेळ मिळत नाही म्हणून ती जुनाच पाला वापरते. मी विज्ञान शाखेला होते. पानाचा गुण रसात असणार, म्हणजे पान जेवढं ताजं तेवढा गुण जास्त, असं मी ठरवलं. कुठल्या पुस्तकात तसं लिहिलं नव्हतं. पण मला ते पुस्तकातल्यासारखं वाटलं, आणि आमच्या घरात पहिल्यांदा कुणीतरी असा विचार करतंय याचा थोडा अभिमानही वाटला.

मी फांद्या तोडत असताना शेजारच्या दारातून चुलती बघत होती.

"काय गं, शेळीला पाला व्हय?"

"न्हाई काकी, बियाला."

"हिरवा?"

"ताजाच चांगला असतो."

"आसंल बाई. आमी कुटं कालेज केलंय!"

मी हसले. ती टोमणा मारतेय एवढंच मला कळलं. त्यामागं तिला काही सांगायचं होतं का, हे विचारायला हवं होतं.

कॉलेज सुरू झालं आणि मी कराडशेजारच्या मलकापूरला खोलीवर आले. महिन्याभरानं आमची मेंढरं कराडच्या जवळच एका रानात आली. रविवारी वडापच्या जीपनं मी तिथं गेले. आता मेंढरं नाहीत, आबांनी ती विकून टाकली. पण लोकरीचा, लेंड्यांचा आणि ओल्या मातीचा एकत्र वास कधी आला की मला तो रविवार आठवतो. आई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करत होती. रानाचा मालक बांधावर बसून आबांना गळ घालत होता.

"पावणं, आजून दोन दिस ऱ्हावा की. गेल्या साली तुमी बसलेला तेवढाच तुकडा काळाभोर आलाय, बाकीचं रान पिवळं."

"गेल्या साली तर म्हणत हुता, मेंढरं लय घाण करत्यात," आबा म्हणाले.

"आवं, तवा मला काय कळत हुतं!"

दोघंही हसले. मीही हसत आईजवळ बसले.

"बी गार करून भरलंस न्हवं?" तिनं विचारलं.

"व्हय. आनि ह्या बारीला पाला एकदम हिरवागार घातलाय."

तिचे हात थांबले. "म्हंजी वाळवला न्हाईस?"

"न्हाई."

"आगं, पानाला घाम येतो. त्वांड लिपलंस?"

"लिपलं."

"मग घाम जाईल कुटं?"

तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती मीच उलटली. आई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती मेंढरांकडं बघत राहिली. त्या सकाळी आठ कोकरं झाली होती. एवढ्याशा पिल्लांना टाकून तिला हलता येणार नव्हतं, आणि माहेराहून आणलेलं बी तिकडं बंद मडक्यात होतं.

"मी जाते," मी म्हणाले.

"उद्या कालेज न्हाई?"

प्रॅक्टिकल होतं. मी नाही म्हणाले.

कराडहून विट्याची एसटी मिळाली, तिथून गावची. घरी पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. मी खुरप्यानं लिंपण फोडलं. आत आंबूस वास होता. पाला काळा पडून दाण्यांना चिकटला होता आणि राखेचे ओले गोळे झाले होते. त्यावर पांढरी बुरशी होती. मी तिथंच बसून रडायला लागले. आवाज ऐकून काकी आली. तिनं मडक्यात वाकून बघितलं.

"रडून दाणं वाळत्यात व्हय? ऊठ, सूप आण."

आम्ही दोघींनी दाणा-दाणा निवडला. पाल्याच्या जवळचे सगळे गेले होते. थरांच्या मधले काही कोरडे वाटत होते. मडकंभर मटकीतली निम्मं सूपसुद्धा उरली नाही. काकी हिरव्या पाल्याबद्दल एक अक्षर बोलली नाही, आणि मला त्याचीच जास्त लाज वाटली. मी आणखी चार दिवस राहिले. राहिलेले दाणे उन्हात घातले, मग त्यातले वीस मोजून ओल्या फडक्यात बांधले. तिसऱ्या दिवशी फडकं सोडलं आणि आबांच्या फोनवर आईला सांगितलं.

"विसातल्या सातांना मोड आल्यात."

फोनवर तिच्या मागं मेंढरं ओरडत होती.

"सात हायत न्हवं?" ती म्हणाली. "मग तिप्पट टाकू."

"तेवढं बी न्हाई, आई."

"मग रान कमी करू."

पावसाळ्याच्या तोंडावर मेंढरं गावी आली. आबांनी घरामागच्या एका पट्टीत वाघर लावली. त्यांना माझं वाईट वाटत असावं, कारण ते म्हणाले, एवढ्याशा पट्टीत आठवडाभर मेंढरं बसवू, दाणा नुसता लोळंल.

"दोन दिस बास," आई म्हणाली. "लय खत झालं तर नुसता पाला माजतो. शेंगा धरत न्हाईत."

पेरणीला मी होते. आईनं दाट पेरलं. तरी उगवण झाली तेव्हा ओळीत ठिकठिकाणी दात पडल्यासारख्या फटी होत्या. मी सुट्टीला आले की फटी मोजायचे. आई शेंगा मोजायची. तोडणी झाली तेव्हा मटकी जेमतेम मडक्याच्या गळ्यापर्यंत आली, आणि आईनं सांगून टाकलं की यंदा यातला एक दाणा शिजणार नाही.

पाला मी तोडला, सावलीत पसरला, मुठीत चुरडून बघितला, तरी तिला दाखवल्याशिवाय भरला नाही. तिनं नुसती मान हलवली. तोंड मीच लिंपलं.

त्या दिवाळीत आमच्याकडं मटकीची उसळ झाली नाही. काकी बाजारच्या मटकीची उसळ वाटीतून घेऊन आली.

"खावा," ती म्हणाली. "लेकीच्या कालेजपायी घरचं कालवण गेलं तुमचं."

आबा मोठ्यानं हसले. मलाही हसू आलं. आईनं उसळ चाखली. "बरी हाय," म्हणाली. मग उठली, कोपऱ्यातल्या मडक्याचं लिंपण वाळलंय का ते बोटानं दाबून बघितलं, हात धुतले आणि परत येऊन जेवायला बसली.