बाजूला बसण्याचे दिवस

“लायकेन स्क्लेरोसस,” धुळ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि हात धुवायला बेसिनकडे वळल्या.

मी पडद्याआड टेबलावर उठून बसले होते, सलवारीची नाडी बांधत. आई पडद्याच्या पलीकडे स्टुलावर होती. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे कुणी इंग्रजीत बोललं की अर्थासाठी घरचे माझ्याकडे बघत. आईने पडद्याकडे तोंड करून विचारलं, “काय म्हनतस वं त्या?”

मला सांगता येईना. शब्द इंग्रजी होते एवढंच मला कळलं होतं.

डॉक्टरीणबाईंनीच आईला समजावलं. “काळ्या मसाल्यात दगडफूल घालता ना? झाडाच्या सालीवर चढलेलं असतं ते. त्याला लायकेन म्हणतात. हिची तिथली कातडी तशी दिसायला लागलीय, पांढरी आणि सुरकुतलेली. स्क्लेरोसस म्हणजे घट्ट होत जाणं. कातडी पातळ होते, ताणली की चिरते, भेगा पडतात. खाज तर असतेच.”

मग त्या माझ्याकडे वळल्या. “हा संसर्ग नाही. अस्वच्छतेने होत नाही, वागण्याने होत नाही. शरीराची स्वतःचीच राखण करणारी व्यवस्था चुकून या कातडीवर उलटते. का, ते अजून नीट माहीत नाही. हा आजार मुळापासून जात नाही. पण ताब्यात राहतो.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “एवढी वर्षं हे कुणी पाहिलंच नाही?”

कुणीच पाहिलं नव्हतं. मीसुद्धा.

हे ऐंशीचं दशक संपून नव्वदचं सुरू होत होतं तेव्हाचं आहे. आम्ही जळगावला राहत होतो. घरात वडील, आई, मी आणि वडिलांची थोरली बहीण. तिला सगळे अक्का म्हणत. ती फार लवकर विधवा होऊन आमच्याकडे आलेली, आणि देवघर तिच्या ताब्यात होतं. वडील सहकारी संस्थेत नोकरीला होते. चोपड्याकडे थोडी शेती होती, तिथून केळीच्या फण्या येत.

मला खाज कॉलेजच्या पहिल्या वर्षात सुरू झाली. आधी वाटलं उन्हाळ्यामुळे असेल. जळगावचा उन्हाळा असा असतो की काहीही त्याच्या नावावर खपून जातं. पण पाऊस आला, थंडी आली, भरताची वांगी बाजारात आली, तरी ती राहिलीच. अंथरुणावर पडलं की वाढायची. मी आंघोळीच्या पाण्यात डेटॉल टाकू लागले. त्याने आग व्हायची आणि मला वाटायचं, आग होतेय म्हणजे औषध लागू पडतंय.

सांगणार कुणाला? त्या जागेला आमच्या घरात नावच नव्हतं. शाळेत जीवशास्त्राच्या मिसने तो धडा “रीड इट ॲट होम” म्हणून सोडून दिला होता, आणि घरी मी तो वहीच्या आड धरून वाचला होता. त्यात आकृती होती, खाज नव्हती.

खाजवून भेगा पडत. त्यांतून रक्ताचे ठिपके कपड्याला लागत. एकदा धुण्याच्या दगडावर आईला ते दिसले. ती वर न बघता म्हणाली, “बस बाजूले.”

आमच्याकडे पाळीचे चार दिवस बाजूला बसायचं असे. मागची छोटी खोली, वेगळी सतरंजी, वेगळं ताट-तांब्या. स्वयंपाकघरात जायचं नाही, देवघराकडे तर नाहीच. रक्त दिसलं की बाजूला, हा नियम. ते कुठून येतं, असा प्रश्न नियमात नव्हता. पाळी जाऊन आठवडा होत नाही तोच ठिपके दिसत आणि मी पुन्हा मागच्या खोलीत. पुढे पुढे मी अर्धा महिना तिथेच असायची.

अक्का दारातून ओरडायची, “महिनाना पंधरा दिन हाई बाजूले बठस! इना हातना चहा माले कवय भेटी?”

“कॉलेजातून आल्यावर करते ना,” मी आतून म्हणायची.

“कॉलेजले चालस, चुल्हाले चालत नही. तुनं शिक्षन बरं शे, बाई!”

आई मला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिने सांगितलं, हिची पाळी थांबतच नाही. त्यांनी नाडी पाहिली, पापणी खाली ओढून डोळे पाहिले, रक्तवाढीच्या आणि पाळीच्या गोळ्या दिल्या. सज्जन गृहस्थ. तरण्या मुलीला याहून जास्त विचारणं त्यांना बरं दिसत नसावं. गोळ्यांनी मला मळमळ व्हायची, अंग सुजायचं. ठिपके होते तसेच राहिले.

आता हे लिहिताना नवल वाटतं, पण त्या खोलीची मला आठवण येते. खिडकीला ओली चादर लावलेली असे आणि तिच्यातून हिरवट उजेड आत यायचा. गच्चीवर शेजारच्या बायका जमून बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायच्या. ज्वारीच्या त्या शिजवलेल्या पिठाचा, जिऱ्या-लसणाचा वास जिन्यावरून खाली उतरायचा. मला हात लावायला मनाई, म्हणून कुणीतरी केळीच्या पानावर गरम चीक आणून उंबऱ्यात सरकवायचं. वडील माझ्याशी त्या दिवसांत बोलत नसत, अडचण होई त्यांना. पण सकाळी त्यांचा पेपर वाचून झाला की दाराच्या फटीतून आत यायचा. इंग्रजी शब्दकोडं कोरं ठेवलेलं असायचं. ते स्वतः मराठी शाळेत शिकलेले, पण पेपर माझ्यासाठी इंग्रजी घ्यायचे.

तिथे मला कुणी काही विचारत नसे. मला तेच हवं होतं.

मग माझं लग्न ठरलं. धुळ्याजवळच्या एका गावातलं शेतकरी कुटुंब. मुलगा धुळ्यात वीज मंडळात इंजिनीअर. कुंकू लागलं, वैशाखातली तारीख निघाली आणि आईची झोप उडाली. ती एकदा भाजी निवडता निवडता अक्काला म्हणाली, “सासरले अर्धा महिना बाजूले बठनी तर तिले ठेवतीन का परत धाडतीन?” माझ्याही मनात दुसरं काही नव्हतं. शिवाय मला एक भीती होती जी आईला ठाऊक नव्हती. चालताना, बसताना जिथे दुखतं, तिथे लग्नानंतर काय होईल?

बाई आणि तीही त्वचेची डॉक्टर, असं आम्हाला कळलेलं एकच नाव धुळ्यात होतं. ते मावशीने सुचवलं, मी फक्त “खाज” एवढं तिला सांगितलं होतं म्हणून. आम्ही एसटीने एरंडोल-पारोळ्यावरून गेलो. याहीमंडळींपैकी, म्हणजे होणाऱ्या सासरच्यांपैकी, कुणी भेटेल या धाकाने आई वेटिंगरूममध्ये डोक्यावर पदर ओढून भिंतीकडे तोंड करून बसली. डॉक्टरांनी दोन-चार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, “पाळी तर तुझी अगदी वेळेवर आहे. हे रक्त कुठलं? चल, बघू दे.”

एवढंच. बघायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

खात्रीसाठी त्यांनी बायोप्सी केली. म्हणजे जागा बधिर करून कातडीचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवतात. टोचताना दुखतं, नंतर चुरचुरतं, आणि संपतं. रिपोर्टने तेच नाव सांगितलं. मग क्लोबेटासोल नावाचं मलम दिलं. हे तीव्र स्टेरॉइड आहे, म्हणजे कातडीची आतली आग विझवणारं औषध. आधी रोज झोपताना, मग एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदोनदा. “तुरीच्या दाण्याएवढं घ्यायचं,” त्या म्हणाल्या, “आणि आरशात बघून लावायचं. स्वतःची जागा स्वतःला माहीत पाहिजे.” डेटॉल बंद, साबण बंद, सुती सैल कपडे, कोरडं वाटलं तर खोबरेल तेल. दरवर्षी दाखवायचं, कारण फार थोड्या जणींत पुढे तिथे कर्करोग होऊ शकतो आणि तो लवकर सापडला पाहिजे.

लग्नाचं मी विचारू शकले नाही. त्यांनीच सांगितलं. “लग्न होईल, मुलं होतील. सुरुवातीला दुखेल, तर थांबायचं आणि माझ्याकडे यायचं. सासरी सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण हे मलम जन्मभराचं आहे. चोरून लावाल तर लावणं सुटेल, आणि सुटलं की आजार पुन्हा डोकं वर काढेल.”

घरी अक्काने निकाल दिला, “लगीन व्हवू दे. मंग सांगू.” वडिलांना फक्त कातडीचा आजार एवढं सांगितलं गेलं, आणि त्यांनी पुढे विचारलं नाही.

मलमाने महिन्याभरात खाज गेली. ठिपके थांबले. पाळीचे चार दिवस सोडले तर मी घरभर वावरू लागले, अक्काला माझ्या हातचा चहा मिळू लागला. तिने त्यात साखर कमी असल्याची तक्रार केली.

बस्त्याच्या दिवशी धुळ्याकडची मंडळी जळगावला आली. बस्ता म्हणजे दोन्हीकडच्या लोकांनी मिळून लग्नाचे कपडे घेणं. दुपारी जेवणं झाली, पुरुष बाहेरच्या खोलीत लवंडले, आणि स्वयंपाकघरात आई, अक्का, माझ्या होणाऱ्या सासूबाई आणि भांडी पुसणारी मी राहिलो. सासूबाई उंच, काटक, कमी बोलणाऱ्या. आईने एकदम हातातलं पातेलं खाली ठेवलं.

“याहीनबाई, एक गोट सांगनी शे. ऐकीसन तुम्हले वाटनं तर बस्ता परत करू.”

अक्काने जोरात खोकून पाहिलं. आई थांबली नाही. तिने सगळं गावच्या बोलीत सांगितलं. कातडी, भेगा, रक्त, धुळ्याच्या बाई, जन्मभराचं मलम. त्या जागेचं तिने सरळ नाव घेतलं. तो शब्द तिच्याजवळ आहे हे मला माहीत नव्हतं. मी तेच एक ताट पुसत राहिले.

सासूबाईंनी विचारलं, “भलती खाजस का?”

“हां.”

“रातले जास्ती?”

“हां.”

“आन पांढरं पडस?”

आईने मान हलवली. अक्का घाईने म्हणाली, “पन आते बरी शे हो पोर, एकदम बरी!”

सासूबाईंनी बस्त्याचं गाठोडं जवळ ओढलं. मला वाटलं, आता त्या उठतील आणि बाहेर जाऊन मंडळींना हाक मारतील.

“माले बी तेच शे,” त्या म्हणाल्या. “बठ्ठं तेच. माले वाटनं, पोरं व्हयनात का व्हतच आसीन बायकास्ले. कोनले सांगू?” मग माझ्याकडे बघून, “ती ट्यूब दखाड माले.”

लग्नाआधी आई, सासूबाई आणि मी धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. या खेपेस आईने पदर ओढून घेतला नाही. सासूबाईंनी टेबलावर माझा हात घट्ट धरला होता. डॉक्टरांनी विचारलं, “कधीपासून आहे हे?”

“थोरला पोऱ्या पहिले शायमा गया ना, तवयपासून.”

पहिल्यांदा शाळेत गेलेला तो थोरला पोऱ्या म्हणजे ज्याच्याशी माझं लग्न होणार होतं तो.

त्यांची कातडी बरीच आक्रसून चिकटली होती. जे गेलं ते परत येणार नाही, डॉक्टर म्हणाल्या, पण खाज जाईल. माझं वेळेत कळलं म्हणून पुष्कळ वाचलं. फरक एवढाच होता, मला कुणीतरी पाहिलं होतं आणि त्यांना नाही.

ज्या मुलींना, बायांना हे वाचून स्वतःचं काही आठवेल, त्यांना मला इतकंच सांगायचं आहे. आधी स्वतः आरशात बघा. डॉक्टरांना नुसतं सांगू नका, दाखवा. आणि मलम बरं वाटलं म्हणून सोडू नका. माझी मुलं झाली, त्या काळात डॉक्टरांच्या सल्ल्याने चाललं, आजार मध्ये दोनदा उसळला आणि पुन्हा शांत झाला. नवऱ्याला मी लग्नानंतर पहिल्या आठवड्यात सांगितलं, अर्ध्या इंग्रजीत. तो म्हणाला, “आईने सांगितलंय मला. तिने सांगितलं म्हणजे बघ.”

लग्नात अक्षता पडल्यावर मी सासूबाईंच्या पाया पडायला वाकले. बँड वाजत होता. त्यांनी मला उठवताना कानाशी तोंड आणलं. मला वाटलं आशीर्वाद देतील.

“चार राती झाल्यात,” त्या म्हणाल्या, “खाज नही. झोप लागनी माले.”